लेकीच्या हातची फियाट

सुचिताला राग आला की ती बोलत नाही, शिवत सुटते. खामगावात तिचं कुशनचं दुकान आहे. ट्रॅक्टरची सीट, मोटरसायकलची सीट, ऑटोची मागची गादी, कधीमधी एखादी कार, असं सगळं तिथे शिवून मिळतं. रस्त्यानं जाणाऱ्याला मशीनच्या आवाजावरूनच कळतं की आज बाईंचं कसं काय आहे. मशीन थांबत थांबत चालत असलं तर खुशाल आत जावं. एका दमात धडधडत असलं तर घासाघीस करायला आलेल्यानं उद्या यावं हे बरं.

दुकान मूळ तिच्या सासऱ्यांचं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी ते वारले. नवरा गोकुळ तेलाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन. माणूस चांगला, पण सुई हातात धरली की त्याला घाम फुटायचा. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली तेव्हा ही मशीनवर बसली. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे पाहायचं आणि विचारायचं, कारागीर कुठे गेला? सुचिता सांगायची, जेवायला गेला, संध्याकाळी या. संध्याकाळी गिऱ्हाईक सीट दाबून पाहायचं आणि म्हणायचं, तुमच्या कारागिराचा हात चांगला आहे हो. त्या न जन्मलेल्या कारागिराचं इतकं कौतुक झालं की एके दिवशी तिचं डोकं फिरलं. कारागीर मीच आहे, पटत असेल तर ठेवा नाहीतर उचला, असं तिनं सरळ सांगून टाकलं. दोघांनी सीटा उचलल्या आणि महिन्याभरात दोघेही मुकाट्यानं परत आले.

बाहेरच्यांचं असं एका वर्षात भागलं. माहेरचं भागायला फार वेळ लागला.

सुचिताचं माहेर दुसरबीडचं. वडील पुंजाजी भाजीपाला पिकवणारे. त्यांच्या घराण्यात एक नियम होता. लेक ज्या घरी दिली त्या घरचं अन्नपाणी, वस्तू काहीही घ्यायचं नाही, तिला मुलगा होईपर्यंत. नातू झाला की नियम सुटायचा आणि आजोबा थाटात जेवायला जायचे. सुचिताला एकच मुलगी, पायल. ती आता बारावीला आहे. पुढे मूल झालं नाही. म्हणजे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी बापानं लेकीच्या घरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

येत नव्हते असं नाही. वर्षातून दोन-तीनदा बियाण्यासाठी खामगावला चक्कर व्हायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. लेकीच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःची भाकरी खायची, स्वतःचं पाणी प्यायचं आणि वर तिलाच विचारायचं, बरी आहेस ना? आई रुखमाबाई सोबत असली की तीही तसंच करायची. एकदा मे महिन्यात बाटली रस्त्यातच संपली. आई ओठांवरून जीभ फिरवत दोन तास बसून राहिली, आणि सुचितानं भरून ठेवलेला तांब्या तसाच राहिला. पायल तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं विचारलं, आजीला आपलं पाणी आवडत नाही का? त्या दिवशी सुचितानं एका ऑटोची गादी उसवून दोनदा शिवली.

शहाणी माणसं तिला समजावायची की जुनी माणसं आहेत, मनावर घेऊ नकोस. आता मनावर कोणी घ्यायचं मग? मुलगी झाली हा काय तिनं केलेला गुन्हा होता, की तिच्या घरातला माठ बाटावा? पण हे बापाला तोंडावर विचारायची तिची छाती झाली नाही. बाप आला की ती मान खाली घालून विनवायची, एकदा तरी घ्या, आणि बाप हसून मान हलवायचा. तो हसायचा याचाच तिला जास्त राग यायचा.

आणि हेच पुंजाजी एके काळी सगळ्या गावाला न जुमानता फियाट घेऊन फिरत होते. १९९१ साली जालन्याच्या एका डॉक्टरकडून त्यांनी सायीच्या रंगाची जुनी फियाट घेतली. मागची सीट काढून टाकली आणि तिथे मेथी, कोथिंबीर, वांग्यांच्या गोण्या भरून मंडईला न्यायला लागले. गाव तिला मेथीची फियाट म्हणायचं. पुढची सीट मात्र एकसलग होती आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं आरामात मावायची. एका बाजूला बाप, दुसरीकडे माय आणि मधे सुचिता. धाकटा राजकुमार गाडी हलली की ओकायचा, म्हणून तो घरीच. थंडीत गाडी चालू करताना चोक ओढायचं काम सुचिताचं.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा पुंजाजींनी तिला रिकाम्या वावरात गाडी शिकवली. त्यांचा चुलतभाऊ निवृत्ती बांधावर उभा राहून हसला होता, पोरीला ड्रायव्हर करतो का म्हणून. पुंजाजी म्हणाले होते, "माही पोरगी आहे. मी तिले विमान शिकवीन." असा हा माणूस. पोरीच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी निर्धास्त बसायला त्याला काही वाटलं नाही, आणि तिच्या हातचा पेला मात्र चालत नव्हता. याची संगती ज्याला लावता येईल त्यानं लावावी. सुचितानं प्रयत्न सोडून दिला होता.

पुढे मालवाहू गाड्या दारात यायला लागल्या आणि फियाट शेडमधे उभी राहिली ती राहिलीच. आधी तिच्यात कोंबड्या शिरल्या, मग बकऱ्या. पंधरा वर्षं गेली. दोन दिवाळ्यांमागे राजकुमार पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. तो तिथे कंपनीत आहे. वर्षातून चार दिवस त्याची गाडी सावलीत उभी राहावी म्हणून त्यानं शेड मोकळी करायचं ठरवलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. पुंजाजी म्हणाले, पोरगा म्हणतो तर जाऊ द्या. रुखमाबाईला नको होतं, पण घरात नको म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं फक्त मागच्या अंगणात जाऊन सुचिताला फोन केला. सुचितानं भंगारवाल्याला गाठलं, त्याच्याशी सौदा केला आणि फियाट लादलेला टेम्पो कापायच्या जागी न जाता खामगावला तिच्या दुकानाच्या मागे येऊन उभा राहिला. पुंजाजींना वाटलं, गाडी कापली गेली. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत.

तेव्हाच सुचितानं मनाशी पक्कं केलं. दीड वर्षानं पुंजाजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यांचा वाढदिवस एक जून, कारण मास्तरांनी निम्म्या गावाचा जन्म एक जूनलाच लावून टाकला होता. त्या दिवशी ही गाडी होती तशी उभी करायची आणि आईबापाला भेट द्यायची. लेकीकडून म्हणून, चार माणसांत. बापानं ती तिच्या हातून घ्यायची. पाणी घेत नाही ना? मग ही घेता की नाही तेच पाहते, असं ती गोकुळला म्हणाली. गोकुळला यातली भेट किती आणि भांडण किती हे कळलं, पण तो शहाणा नवरा असल्यामुळे गप्प बसला.

सहदेव मिस्त्री हा खामगावात फियाटचं काम येणारा जवळपास शेवटचा माणूस. सत्तरीचा. त्यानं गाडीच्या तळाला बोट लावलं तर बोट आरपार गेलं. बकऱ्यांच्या मुतानं पत्रा खाऊन टाकला होता. तो म्हणाला, बाई, ही गाडी नाही, चाळणी आहे. सुचिता म्हणाली, मग चाळणीला तळ बसवू. दर रविवारी दुकान बंद ठेवून ती त्याच्या हाताखाली राबली. गंज खरवडला, नवा पत्रा ठोकला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. उंदरांनी कुरतडलेल्या सगळ्या तारा गोकुळनं नव्यानं ओढल्या. इंजिनाचे सुटे भाग मुंबईच्या मेलेल्या टॅक्स्यांमधून आले. पुढच्या दारातली तिकोनी काच कुठे म्हणता कुठे मिळेना. ती शेवटी अकोल्याच्या एका माणसाच्या माळ्यावर सापडली. तोवर सुचिताच्या हातांची कातडी सोलून निघाली होती आणि दोन बोटांची नखं काळी पडली होती.

पुढची सीट तिनं सगळ्यात शेवटी उघडली. आत स्प्रिंगांमधे वाळक्या मेथीच्या काड्या अडकल्या होत्या, आणि तिची शाळेतली एक केसांची क्लिप. ती दुकानात एकटीच होती, म्हणून थोडी रडून घेतली. फोम टाकला असता तर काम दोन तासांत झालं असतं. पण बापाची कंबर जुनी, मऊ गादीत ती धरते, म्हणून तिनं पहिल्यासारखाच काथ्या भरला, हातानं दाबून दाबून, आणि वर सायीच्या रंगाचं रेक्झिन चढवलं. एवढी सरळ शिवण तिनं कोणाच्या गाडीला घातली नव्हती.

एक अडचण राहिली. कागद पुंजाजींच्या नावावर होते आणि नोंदणी पुन्हा करायला त्यांची सही लागत होती. सुचितानं मागितली असती तर गुपित फुटलं असतं. म्हणून तिनं राजकुमारला सगळं सांगितलं, उभ्या गाडीचा फोटोही पाठवला. तो म्हणाला, ताई, काळजीच सोड. आणि खरंच, विम्याचा कागद आहे असं सांगून त्यानं बापाची सही आणून दिली. या सगळ्या कामात राजकुमारचा वाटा म्हणजे ही एक सही, आणि तीसुद्धा बापाची.

एक जूनला सकाळी सुचिता स्वतः फियाट चालवत दुसरबीडला निघाली. मागे, तिनं नव्यानं बसवलेल्या सीटवर, गोकुळ आणि पायल. मेहकर सोडलं, रस्ता ओळखीचा झाला, गाडी सुरेख चालली होती. गावाच्या फाट्यावर तिनं करकचून ब्रेक लावला. रस्त्याच्या कडेला वीस फुटी फ्लेक्स लागला होता. डाव्या हाताला फियाट, तिनंच पाठवलेला फोटो. उजव्या हाताला गॉगल लावलेला राजकुमार, फियाटपेक्षा मोठा. मधे लिहिलं होतं की श्री. पुंजाजी यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त सुपुत्र राजकुमार यांच्याकडून आईवडिलांना अनोखी भेट. खाली शुभेच्छुकांचे अठरा फोटो. शेवटच्या रांगेत गोकुळसुद्धा होता, जावई म्हणून. सुचिता कुठेच नव्हती.

तिनं तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. जेवायला गेलेला कारागीर एकदाचा परत आला होता, आणि तोही गॉगल लावून. गोकुळ म्हणाला, परत फिरायचं का? ती म्हणाली, नाही.

घरासमोर मांडव होता. राजकुमार पुढे धावत आला आणि गाडी मांडवाच्या अलीकडेच थांबवून खिडकीशी वाकला. सोबत निवृत्तीकाका होते, आता बहात्तर वर्षांचे. फ्लेक्सची कल्पना त्यांचीच. राजकुमारला शरम वाटत नव्हती असं नाही, पण तो तयारी करून आला होता.

"ताई, तू समजून घे," तो म्हणाला. "बा तुह्याकडून घेणार हायेत का? नाही घेणार. माह्या नावानं घेतीन. तुले गाडी त्याहीले द्याची आहे, का तुहं नाव लावाचं आहे?"

काय प्रश्न विचारला होता पठ्ठ्यानं. दीड वर्ष घासलेली बोटं स्टिअरिंगवर होती. बाप घेणार नाही हे खरंच होतं. बाप त्या सीटवर बसावा, त्याच्या कंबरेला तो काथ्या लागावा, हे तिला हवंच होतं. लोभी कोण ठरलं तर ती, नावासाठी हटून बसलेली. तिनं चावी काढून राजकुमारच्या हातात दिली आणि बायकांमधे जाऊन बसली. आतून ती नुसती पेटली होती.

मग व्हायचं ते सगळं झालं. शाल, श्रीफळ, फोटो. राजकुमारनं बापाच्या हातात चावी ठेवली आणि निवृत्तीकाकांनी माईकवरून श्रावणबाळाला खाली बघायला लावलं. पुंजाजी गाडीजवळ गेले. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले. दार उघडून सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सुचिताला वाटलं, झालं, मिळालं आपल्याला. आता गप्प राहायचं. ती राहिलीही असती. पण कोणीतरी पुंजाजींच्या तोंडाशी माईक धरला.

"मले वाटलं व्हतं गाडी गेली," पुंजाजी म्हणाले. "माह्या पोरानं उभी केली. देवानं द्यावा त असा पोरगा द्यावा. पोरगा नसता त कोणं केलं असतं एवढं?"

सुचिता उठली. बायकांमधून वाट काढत ती सरळ गाडीपाशी आली. माईक तिनं घेतला नाही, तिला त्याची गरजही पडली नाही.

"बा, गाडी राजूनं नाही केली," ती म्हणाली. "मी केली. हा पत्रा मी ठोकला, ही सीट मी शिवली, तारा पायलच्या बाबानं ओढल्या. राजूनं तुमची सही आणली, बस. मी गप बसली असती. पण पोरगा नसता त कोणं केलं असतं, हे तुम्ही मले इचारा. हे माहे हात पाहा."

पुंजाजींनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग राजकुमारकडे. खरं का रे, असं विचारलं. राजकुमार स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. पुंजाजी हळूहळू गाडीतून उतरले. त्यांनी चावी सुचितापुढे धरली.

"मंग मले चालत नाही, बाई," ते म्हणाले. "तुले माहीत आहे."

एवढ्या लोकांत, एवढं सगळं कळल्यावर, हा माणूस असं म्हणाला. आणि लोकांनी माना डोलावल्या. मांडवातल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांना चिंता पडली ती नियम आणि गाडी दोन्ही कसं वाचवायचं याची. निवृत्तीकाकांनी लगेच तोड काढली. पुंजाजीनं लेकीच्या हातावर सव्वा रुपया ठेवावा, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं आणि दोष लागत नाही. चार आणे बंद होऊन जमाना झाला हे कोणाच्यातरी लक्षात आलं, तेव्हा अकरा रुपये ठरले. कोणी दहाची नोट काढली, कोणी वरचा रुपया. सगळे एकदम खूश झाले. पुंजाजींचाही चेहरा सैल झाला. त्यांनी पैसे हातात घेतले आणि तिच्यापुढे केले.

सुचितानं हात मागे घेतले. "मी इकाले नाही आणली, बा. भेट आहे. घ्याची असंल त लेकीनं देली म्हणून घ्या. नाही त मी परत घेऊन जाईन."

"हट्ट नको करू, सुचिता."

"हट्ट माहा नाही, तुमचा आहे. एकोणीस वर्षांचा."

बापाचा हात पैशांसकट तसाच पुढे राहिला आणि लेकीचे हात पाठीमागे. कोण आधी मागे हटतं ते सगळा मांडव पाहत होता. तेवढ्यात रुखमाबाई उठली. आयुष्यात चार माणसांत न बोललेली बाई. ती सुचितासमोर आली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. लेकीची ओटी आई भरते, आईनं लेकीपुढे पदर पसरलेला कोणी पाहिला नव्हता. एकदोघी बायका अगं अगं म्हणत पुढे सरसावल्या.

"मले दे," रुखमाबाई म्हणाली. "मी घेतो लेकीकडून."

पुंजाजींनी चावीचा हात खाली घेतला होता. सुचितानं ती त्यांच्या बोटांतून सोडवली आणि आईच्या पदरात टाकली. रुखमाबाई नवऱ्याकडे वळली.

"लेकीचं घेऊ नये हे कोणं ठरवलं मले नाही माहीत. मले कोणं इचारलं नाही. माह्या पोटची पोर, अन् तिच्या दारात मी घसा कोरडा करून बसली. एकदा नाही, दरसाल. तुमच्यासाठी बसली. आता नाही बसत. आज मी तिच्या घरी जेवाले चालली."

ती जाऊन पुढच्या सीटवर बसली आणि चावी सुचिताला दिली. पुंजाजी खिडकीशी आले. उतर, लोक पाहून राह्यले, असं हळूच म्हणाले. रुखमाबाई समोरच्या काचेतून पाहत म्हणाली, पाहू द्या. सुचितानं गाडी चालू केली. गोकुळ आणि पायल मागे बसले. पुंजाजी एका हातात अकरा रुपये आणि खांद्यावर शाल अशा अवस्थेत उभे होते. बायको निघून चालली याची लाज की आणखी काही, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पैसे निवृत्तीकाकांच्या हातात कोंबले, दार उघडलं आणि रुखमाबाईच्या शेजारी अंग चोरून बसले.

"मेहकरपर्यंत येतो," ते म्हणाले. "तिथून यष्टीनं वापस येईन."

मेहकरपर्यंत! सुचिताला वाटलं होतं की बाप या सीटवर आपल्यासोबत बसला की सगळा राग विरघळून जाईल. उलट तो वाढला. गाडी चालते, मेहकर चालतं, सीटमधला काथ्या चालतो, फक्त तिचं घर चालत नाही. म्हणजे वाटेतच कुठेतरी ती बाटत होती, मेहकर आणि खामगावच्या मधे. मागे मांडवात पंगत बसली असणार, जिलबी वाया जाऊ नये म्हणून. फाट्यावरचा गॉगल मागे पडला. बीबी गाव मागे पडल्यावर पुंजाजींनी इंजिनाकडे कान देऊन, टायमिंग चांगलं बसवलं, असं म्हटलं. तिचे डोळे भरून आले आणि स्वतःचाच राग आला. एका वाक्यानं विरघळायला ती काय सोळा वर्षांची होती? तिनं गाडीचा वेग वाढवला.

मेहकरला तिनं गाडी बसस्टँडसमोर घेतली आणि बंद केली.

"मेहकर आलं, बा."

पुंजाजींनी दार उघडलं. एक पाय खाली टाकला. दुसरबीडवरून सिंदखेड राजाकडे जाणारी बस फलाटाला लागलेली होती आणि कंडक्टर माणसं आत घेत होता. रुखमाबाई सरळ समोर पाहत होती. सुचिताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. या वेळी विनवायचं नाही, असं तिनं दुसरबीडपासून मनात घोकत आणलं होतं. उतरले तर उतरू देत. आईला घेऊन ती पुढे जाईल, आईला पोटभर जेवू घालेल, आणि पुन्हा कधीही या माणसासाठी तांब्या भरून ठेवणार नाही. हे तिनं ठरवलं होतं आणि ते करताना आपला जीव जाईल हेही तिला माहीत होतं.

बसनं हॉर्न दिला. पुंजाजी तसेच बसले होते, एक पाय आत आणि एक खाली. उन्हानं तापलेल्या डांबरावर त्यांची चप्पल दिसत होती. बस हलली, स्टँडच्या बाहेर पडली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. पुंजाजींनी पाय आत घेतला. दार ओढलं. ते नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात ओढलं.

"घरी जेवाले काय आहे?" त्यांनी विचारलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

दीड वर्ष सुचितानं या गाडीची एकेक तार आणि एकेक टाका मनात मांडून ठेवला होता, पण हा प्रश्न तिच्या मनातसुद्धा आला नव्हता.

"काहीच नाही, बा," ती म्हणाली. "तुमच्या नावानं माह्या घरी कधी सैपाक करूच देला नाही तुम्ही. आता जाऊन भाकरी टाकीन."